आजोबांचा मेकॅनोचा रोबो: पान्हा हातात घेण्याआधी

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. आजोबांनी १९५०च्या दशकात मेकॅनोच्या, म्हणजे भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडायच्या खेळाच्या, सुट्या भागांतून बनवलेला, दीडेक फूट उंचीचा चावीचा रोबो तुम्हाला माळ्यावर सापडला. चावी दिली की आतून घरघर येते, उजवा हात जरासा हलतो, पण पाय जागचे हलत नाहीत. काही पट्ट्यांना गंज आहे, डाव्या कमरेतला एखादा गिअर बहुधा गहाळ आहे. डोके कसल्याशा डब्याच्या पत्र्याचे आहे. तुम्ही विचारता की सगळा रोबो खोलून, रॉकेलात धुऊन, नवा रंग देऊन पुन्हा जोडावा का आणि हरवलेल्या भागांच्या जागी हल्लीच्या सेटमधले भाग चालतील का.

माझे उत्तर आहे, सगळा खोलू नका आणि रंग तर अजिबात देऊ नका. मी बरीच वर्षे टूलरूममध्ये काढली आणि आता जुनी यांत्रिक खेळणी, त्यातही मेकॅनो, दुरुस्त करतो. लोक अशी वस्तू घेऊन येतात तेव्हा त्यांना वाटते की प्रश्न गंजाचा किंवा हरवलेल्या गिअरचा आहे. तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. या रोबोचा आराखडा कुठल्याही कागदावर नाही. तो फक्त त्या रोबोतच आहे. कोणती पट्टी कितव्या भोकात, कुठला आस कुठल्या चाकात, कुठे दोन वॉशर आणि कुठे एक, हे सगळे आजोबांनी विचार करून ठरवले होते. सुटे भाग आजही मिळतात. ही मांडणी एकदा मोडली की कुठेच मिळणार नाही.

हे मी भावनेपोटी म्हणत नाही. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींनी १९०१ साली पेटंट घेतलेला हा खेळ मुळातच जोडा, मोडा, पुन्हा नवे जोडा असा होता. त्यामुळे डबे आणि पट्ट्या भरपूर उरल्या, पण लोकांनी स्वतः रचलेली मॉडेल्स फारच थोडी उरली. एक प्रसिद्ध उदाहरण देतो. ग्रिफिथ टेलर यांनी १९३७ साली जवळजवळ संपूर्ण मेकॅनोतून एक रोबो-क्रेन पुरी केली. मोटर एकच, हालचाली पाच प्रकारच्या, आणि भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून मिळणाऱ्या आज्ञांनुसार ती लाकडी ठोकळे रचून ठेवायची. औद्योगिक रोबोच्या इतिहासात आज तिचे नाव पहिल्या पानावर घेतले जाते. मार्च १९३८च्या मेकॅनो मॅगझिनमध्ये तिची माहिती छापून आली आणि १९९७ साली क्रिस शूट यांनी तिची संपूर्ण प्रतिकृती उभी केली. तुमच्या आजोबांच्या रोबोवर असा लेख कोणी लिहिलेला नाही. तो तुम्हालाच तयार करायचा आहे, तोही पहिला नट सैल करण्याआधी.

काही गोष्टी तुमच्यावर आणि परिस्थितीवर अवलंबून आहेत. रोबो काचेच्या कपाटात ठेवायचा असेल तर काम फार थोडे आहे: कोरडी सफाई, गंज थांबवणे, बस्स. तो चालताना पाहायचा असेल तर यंत्रणेला हात लावावा लागेल. घरातल्या लहान मुलांच्या हातात द्यायचा विचार असेल तर तो मी सोडून द्यायला सांगेन, कारण त्या काळच्या रंगात शिसे असू शकते. तुम्ही कुठे राहता यानेही फरक पडतो. मुंबईत किंवा कोकणात असाल तर पावसाळ्यात काम सुरूच करू नका. ओलसर हवेत उघडा पडलेला लोखंडाचा भाग रातोरात तांबूस होतो. पुढचे सगळे मी तुम्हाला तो चालताना पाहायचा आहे असे धरून लिहितो.

आधी नोंद. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि खालून असे फोटो काढा, प्रत्येक फोटोत फूटपट्टी ठेवा. मग कमरेचे, खांद्याचे आणि छातीतल्या मोटरचे जवळून फोटो घ्या. पण फोटोवर विसंबू नका. फोटोत मागचा बोल्ट दिसत नाही आणि वॉशर किती आहेत ते कळत नाही. वहीत हाताने आकृती काढा. चित्र चांगले यायची गरज नाही. भोके मोजत मोजत रेघ मारली की नजरेतून सुटलेल्या गोष्टी आपोआप सापडतात. मेकॅनोत दोन भोकांमधले अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे भोके मोजली की माप आपसूक मिळते.

आता ज्या खुणांसाठी मी तुम्हाला थांबवतो आहे त्यांच्याबद्दल. पट्टीवर बोल्टाच्या डोक्याखाली किंवा वॉशरखाली झाकलेला रंग ताजा राहतो, बाकीचा विटतो. एखाद्या रिकाम्या भोकाभोवती असा ताज्या रंगाचा गोल दिसला तर तिथे पूर्वी काहीतरी जोडलेले होते. दोन भोकांमध्ये सरळ कडेचा गडद पट्टा दिसला तर तिथून एक पट्टी निघून गेली आहे. आसावर ग्रब स्क्रूचा, म्हणजे चाक आसावर पक्के धरणाऱ्या छोट्या स्क्रूचा, चावा असतो, बारीकसा चकाकता खड्डा. हरवलेले चाक आसावर नेमके कुठे बसत होते ते हा खड्डा सांगतो. असे दोन-तीन खड्डे जवळजवळ असतील तर आजोबांनी ते चाक सरकवून सरकवून जागेवर आणले होते आणि सर्वांत खोल खड्डा ही बहुधा शेवटची, जमलेली जागा. गिअरच्या दात्यांवर जितक्या रुंदीत चकाकी आली असेल तितकी जोडीदार गिअरची जाडी. जिथे चकाकी नाही तिथे काही लागतच नव्हते. हे सगळे पुरावे एका दुपारच्या रॉकेलच्या आंघोळीत आणि रंगाच्या एका हातात कायमचे नाहीसे होतात.

भागांचे रंगही वाचा. १९२६ पर्यंत मेकॅनोचे भाग बहुतेक निकेलचा मुलामा दिलेले असत. त्या वर्षापासून लाल-हिरवे आले, १९३४ पासून निळे-सोनेरी, महायुद्धानंतर परत लाल-हिरवे, १९६४ ला पिवळे-काळे-रुपेरी. तुमच्या रोबोत हिरव्या पट्ट्यांमध्ये एखादी निळी-सोनेरी पाटी सापडली तर ती चूक समजून बदलू नका. एका क्रमांकाच्या सेटवरून पुढच्या क्रमांकावर जाण्यासाठी वेगळे पूरक सेट मिळायचे, शिवाय जुने भाग हातोहात फिरायचे. हे मिश्रण म्हणजे आजोबांनी भाग कसे कसे जमवले याची नोंद आहे. डब्याच्या पत्र्याचे डोके तर मी या रोबोतला सर्वांत मोलाचा भाग मानतो. ते कुठल्याच सेटमध्ये नव्हते, ते त्यांनी कापले आणि वाकवले. आतून डब्याची छपाई शिल्लक आहे का बघा आणि असली तर तिच्यावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका.

आता बिघाडाकडे. तुम्ही दिलेल्या तीन खुणांवरून बरेच कळते. घरघर येते, म्हणजे स्प्रिंग शाबूत आहे आणि मोटर फिरते. हात हलतो, म्हणजे मोटरपासून निदान पहिल्या आसापर्यंत ताकद पोहोचते. पाय हलत नाहीत, म्हणजे गती त्यापुढे कुठेतरी तुटते. जाम झालेल्या यंत्रात मोटर घरघरत नाही, ती थांबते. त्यामुळे माझा संशय गंजावर नाही. एक तर तो गहाळ गिअर, नाही तर सैल ग्रब स्क्रू. दुसरे असेल तर आस चाकाच्या आत नुसताच फिरतो आणि चाक जागेवर राहते. पाहायचे कसे? प्रत्येक आसाच्या टोकावर आणि त्यावरच्या चाकावर मार्करने एकाच रेषेत बारीक खूण करा, चावी थोडी द्या, चालू करून थांबवा. ज्या जोडीच्या खुणा एकमेकींपासून सरकल्या ती जोडी सैल आहे. यासाठी एकही नट काढावा लागत नाही.

गहाळ गिअर कोणता होता हे शोधायला मेकॅनोचे गणित मदतीला येते, आणि मला या खेळातले हेच सर्वांत सुंदर वाटते. एक इंच अंतरावरच्या दोन आसांवर बसणाऱ्या गिअरच्या दात्यांची बेरीज ७६ येते. ५७ आणि १९ घेतले तर वेगाचे प्रमाण तीनास एक, ३८ आणि ३८ घेतले तर एकास एक. ५० आणि २५ ही जोडीही एक इंचावर चालते. बेरीज एकाने कमी असल्याने ती किंचित सैल लागते, पण दोनास एकसाठी सगळे हीच वापरत. अंतर दीड इंच असेल तर ९५ आणि १९, म्हणजे पाचास एक. दोन इंच असेल तर १३३ आणि १९, सातास एक. म्हणजे डाव्या कमरेतल्या रिकाम्या आसापासून शेजारच्या गिअरपर्यंत किती भोके आहेत ते मोजा आणि शेजारच्या गिअरचे दाते मोजा. गहाळ गिअर कळलाच. शिवाय उजव्या कमरेत त्याचा जोडीदार आहेच. दोन्ही पायांना एकच वेग हवा, त्यामुळे डावी बाजू उजवीचे आरशातले रूप असली पाहिजे. नसेल, तर थांबा आणि का नाही याचा विचार करा. दोन आस बरेच लांब असतील तर तिथे गिअर नसून साखळीचे चाक असण्याचीही शक्यता आहे.

चालणाऱ्या रोबोत आणखी एक गोष्ट सांभाळायची असते. दोन पायांचे क्रँक, म्हणजे आसाच्या फिरण्यातून पाय पुढे-मागे हलवणारे दांडे, एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशेला लावलेले असतात, एक पुढे तेव्हा दुसरा मागे. तळव्याखाली बहुधा एकाच दिशेने फिरणारी चाके असतील, दातेरी चाक आणि त्यावर अडकणारा खटका, म्हणजे पाऊल पुढे घसरते पण मागे येत नाही. क्रँकचा हा मेळ थोडा जरी चुकला तरी रोबो लंगडतो किंवा तोंडावर पडतो. क्रँकचा स्क्रू सैल करायची वेळ आलीच तर आधी दोन्ही क्रँकच्या जागा खुणेने पक्क्या करा. हात कोणत्या पायाबरोबर पुढे जातो तेही लिहून ठेवा.

मोटर बाहेर काढायची असेल तर स्प्रिंगमध्ये जरासुद्धा ताण ठेवू नका. मोटरला ब्रेकचा दांडा असतो. तो थोडा थोडा सोडत स्प्रिंग पूर्ण उतरू द्या. ताण असताना पिनियन, म्हणजे मोटरचा छोटा गिअर, बाजूला सरकवला तर मोटर मोकाट सुटते, दाते झिजतात आणि बोट मध्ये असेल तर बोटही. मोटरच्या दोन बाजूंच्या पाट्या मात्र उघडू नका. त्यांच्यामधली स्प्रिंग उसळून बाहेर आली की हाताला मोठी जखम होते, आणि परत आत बसवणे घरी जमत नाही. पाट्या न उघडताच मऊ ब्रशने रॉकेल लावून जुने घट्ट झालेले तेल काढता येते. रॉकेल इथेच आणि एवढेच. मग पूर्ण सुकू द्या, आणि आस जिथे पाटीत फिरतो तिथे घड्याळाच्या किंवा शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. स्प्रिंगच्या वेटोळ्यांना थोडे ग्रीस.

तेलाबद्दल दोन शब्द जास्त, कारण आपल्याकडे घराघरात याच चुका होतात. खोबरेल तेल लावू नका. ते थंडीत थिजते आणि जुने झाले की धूळ धरते. गंज सोडवायचा स्प्रे अडकलेला नट सोडवायला ठीक आहे, पण वंगण म्हणून तो कामाचा नाही. फवारून तसाच ठेवला तर मागे चिकट थर उरतो. आणि गिअरच्या दात्यांना तेल शक्यतो लावूच नका. पितळी दाते कोरडे छान चालतात, तेल लावले की धूळ चिकटून तीच दाते घासते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नव्या भागांचा. इथे सर्वांत जास्त नुकसान एका साध्या बोल्टने होते. जुन्या मेकॅनोचे आटे ५/३२ इंच व्हिटवर्थ (आट्यांचे जुने ब्रिटिश माप), इंचाला ३२ आटे. हार्डवेअरच्या दुकानात आज मिळतो तो मेट्रिक मापाचा एम-४. दोन्हींची जाडी जवळजवळ सारखी, पण एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर जुन्यात ०.७९ मिलिमीटर आणि एम-४ मध्ये ०.७. त्यामुळे एम-४ दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की पितळी बॉसचे, म्हणजे चाकाच्या मधल्या जाड गाभ्याचे, आटे कापले जातात आणि साठ-सत्तर वर्षे टिकलेले चाक पुढे घट्ट बसतच नाही. नवा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला तरच तो योग्य. आटे आधीच खराब असतील तर त्याच मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, हाताने फिरवून साफ करा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या दुकानांत विचारून पाहा. चाकाच्या बॉसला समोरासमोर आट्यांची दोन भोके असतील तर खराब झालेले सोडून दुसरे वापरता येते.

पट्ट्या आणि पाट्यांसाठी हल्लीच्या सेटचा भाग घ्यायचा असेल तर जुन्या लांब पट्टीवर नवी ठेवा आणि पहिल्यापासून शेवटच्या भोकापर्यंत दोन्हींतून आरपार उजेड दिसतो का पाहा. दोन-तीन भोके जुळणे पुरेसे नाही. फरक दहाव्या भोकात दिसतो. गिअर मात्र जुन्या मापाचेच हवेत, दुसऱ्या मापाचे दाते शेजारच्या मूळ गिअरला खातात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अधूनमधून मेकॅनोचे सुटे भाग येतात, आणि जुन्या मापाचे नवे भाग बनवणारे लोक परदेशात आहेत. कुठूनही आणा, पण नव्या भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला बारीक खूण आणि वर्ष लिहा. पुढे कोणी हा रोबो पाहील त्याला आजोबांचे काय आणि तुमचे काय ते कळले पाहिजे.

गंज आणि रंग यांचे थोडक्यात सांगतो. रंगवलेल्या भागांवर कोरडा मऊ ब्रश, मग साबणाच्या कोमट पाण्यात पिळून काढलेले फडके, लगेच कोरडे फडके. पाण्यात बुडवायचे नाही. रंगाखालून डोकावणारा गंज पॉलिश पेपरने घासू नका, त्याने आसपासचा चांगला रंग जातो आणि शिशाची शक्यता असलेली धूळ नाकात जाते. सुटी पावडर ब्रशने झाडा आणि वर मेणाचा पातळ हात द्या, गंज पुढे सरकत नाही. रंग नसलेल्या आसांवर अगदी बारीक स्टील वूल तेलात भिजवून हलकेच फिरवा, पण ग्रब स्क्रूचे चावे आधी वहीत टिपून घ्या. पितळ चमकवायचे पॉलिश दात्यांच्या खाचांत पांढरे बसून राहते, म्हणून मी ते गिअरवर वापरत नाही. नवा रंग का नको याचे एक निव्वळ यांत्रिक कारणही आहे: मेकॅनोचा आस जेमतेम चार मिलिमीटरचा आणि भोक त्याहून केसभर मोठे. भोकात रंगाचा थर बसला की मोकळा फिरणारा आस घट्ट होतो, आणि चावीच्या मोटरीत तेवढे घर्षण ओढायची ताकद नसते.

दुरुस्तीनंतर जोडताना प्रत्येक बोल्ट आपल्या मूळ भोकातच परत घाला. लांबी एका वॉशरने जास्त झाली तरी टोक फिरत्या गिअरला लागते. नट आधी सगळे सैल बसवा, आस आरपार घालून बोटाने फिरवा, मग एकेक नट आवळत जा आणि प्रत्येक नटानंतर आस पुन्हा फिरवा. ज्या नटाने तो जड झाला तिथेच चौकट वाकडी ओढली जाते आहे. प्रत्येक आसाला लांबीच्या दिशेने किंचित सरक हवी, अर्धा मिलिमीटर पुरे. मोटर जोडण्याआधी संपूर्ण यंत्रणा हाताने एक पूर्ण चक्र फिरली पाहिजे, पाय, हात आणि डोके सगळे. हाताला जिथे जड लागेल तिथे मोटर थांबणारच.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा पूर्ण चावी देऊ नका, तीन-चार पिळे द्या आणि रोबो टेबलावर नाही, खाली सतरंजीच्या बाजूला गुळगुळीत फरशीवर ठेवा. त्यानंतरही त्याला रोज चालवायची गरज नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा थोडेसे चालवा, आणि कपाटात ठेवताना स्प्रिंग पूर्ण उतरवून ठेवा. ताण घेऊन वर्षभर बसलेली स्प्रिंग पिचते. डाव्या कमरेतली भोके आणि शेजारच्या गिअरचे दाते मोजून मला कळवा, गिअर कोणता हवा ते मी सांगतो. तोवर कमरेचा एकही बोल्ट सैल करू नका.